हार्लेमची हस्तपत्रके कशी जपावीत

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील अपोलो थिएटरची हस्तपत्रके, नृत्यसंध्यांची तिकिटे, कृष्णवर्णीय चर्चमधील अंत्यविधीच्या पुस्तिका हे सारे बहुधा स्वस्त कागदावर छापले जाई. त्यातील लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे हवा आणि उजेड लागताच आम्ल तयार होते आणि कागद पिवळा पडून तुटू लागतो. म्हणून प्रथम गंजलेल्या टाचण्या अलगद काढाव्यात, वर्तमानपत्राची कात्रणे वेगळी करावीत (त्यांचे आम्ल शेजारच्या कागदात उतरते) आणि प्रत्येक नग आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवावा. हात स्वच्छ व कोरडे असले की पुरे. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी मात्र कटाक्षाने टाळावी, कारण ती पुढे निघत नाहीत; माझ्या मते वाळवीइतकेच नुकसान या हौशी दुरुस्तीने होते.

अंत्यविधीच्या पुस्तिकांना अग्रक्रम द्यावा. अमेरिकेच्या १८७० पूर्वीच्या जनगणनेत गुलामांची नावेच नोंदलेली नसल्याने, जन्मगाव आणि नातलग सांगणारी अशी पुस्तिका वंशावळीसाठी अमोल ठरते. ती कोणाकडून मिळाली, हे फोल्डरवर पेन्सिलीने लिहावे. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्राहक आर्तुरो शोम्बर्ग यांचा संग्रह १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने घेतला. आपला संग्रहही असाच ग्रंथालयाला देताना, कोणती वस्तू कोणाकडून मिळाली याच्या नोंदी सोबत द्याव्यात.