वायुदाबाच्या नोंदींवरून वारा आणि हवामान कसं ओळखावं

बॅरोमीटरवर, म्हणजे वायुदाबमापकावर, १००८ हेक्टापास्कल (हे दाबाचं एकक) दिसले, तर हवा बिघडणार की सुधारणार? एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. काल याच वेळी इथे दाब किती होता आणि या घडीला दोन-तीनशे किलोमीटरवर किती आहे, हे समजलं की त्या आकड्याला अर्थ येतो. कालच्या आकड्याशी ताडून पाहिलं की हवामानाचा कल कळतो, शेजारच्या आकड्याशी ताडून पाहिलं की वारा.

वारा सुटतो कसा

समुद्रसपाटीवर दर चौरस मीटर जागेवर सुमारे १० टन हवा उभी असते. तिचा सरासरी दाब १०१३.२५ हेक्टापास्कल धरतात (मिलिबारमध्येही हाच आकडा, पाऱ्याच्या स्तंभात ७६० मिलिमीटर). जमीन तापली की तिच्यावरची हवा फुगते, उंचावर बाजूला पसरते आणि त्या जागेवरच्या हवेचं वजन घटतं. ‘गरम हवा हलकी म्हणून दाब कमी’ एवढ्यावर बहुतेक स्पष्टीकरणं थांबतात. पण वरून हवा बाजूला गेल्याशिवाय तळाचा दाब उतरत नाही, आणि हे ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. तळाशी दाब कमी झाला की जास्त दाबाकडची हवा तिकडे धावते. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे असेच सुटतात. खाऱ्या वाऱ्याला एक-दोन हेक्टापास्कलचा फरक पुरतो.

अंतर शेकडो किलोमीटरचं झालं की पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम दिसू लागतो. वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. म्हणून तो कमी दाबाच्या केंद्रात सरळ शिरत नाही, भोवती घिरट्या घालत हळूहळू आत सरकतो.

उपकरण आधी तपासून घ्या

फोनवर दाब दाखवणारं ॲप असलं तरी आत सेन्सर असेलच असं नाही. काही ॲप नेटवरून आकडा आणतात. इंटरनेट बंद करा आणि दोन मजले जिने चढा. आकडा सुमारे ०.७ हेक्टापास्कलनी उतरला, तर सेन्सर आहे. समुद्रसपाटीजवळ दर ८ ते साडेआठ मीटर उंचीला साधारण १ हेक्टापास्कल कमी होतो. त्यामुळे सकाळची नोंद तळमजल्यावर आणि संध्याकाळची दहाव्या मजल्यावर घेतली, तर साडेतीन हेक्टापास्कलची ‘घसरण’ दिसेल आणि हवेत काहीच घडलेलं नसेल. नोंद नेहमी एकाच जागी घ्या.

काटा असलेल्या ॲनेरॉइड बॅरोमीटरच्या काचेवर वाचण्याआधी बोटाने हलकी टिचकी मारा, कारण आतल्या तरफांच्या घर्षणाने काटा अडून राहतो. तबकडीवरच्या ‘पाऊस’, ‘स्वच्छ’ या शब्दांकडे लक्ष देऊ नका. एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक ऋतूत वेगळा असतो.

बरणीच्या तोंडावर फुगा ताणून केलेला बॅरोमीटर प्रयोगापुरता ठीक आहे, नोंदीसाठी वापरू नका. बरणीतली कोंडलेली हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिचा दाब सुमारे साडेतीन हेक्टापास्कलनी वाढतो. खोलीच्या तापमानातला तेवढा बदल दिवसभराच्या खऱ्या हवामानबदलाला झाकून टाकतो. तुम्ही खरं तर तापमान मोजत बसता.

समुद्रसपाटीचा हिशोब कधी करायचा

एकाच ठिकाणच्या काल-आजच्या तुलनेसाठी उपकरणाचा मूळ आकडाच वापरा. दुसऱ्या गावाशी किंवा नकाशाशी तुलना करायची असेल, तेव्हाच तो समुद्रसपाटीवर आणा, म्हणजे तुमची जागा समुद्रसपाटीला असती तर तो किती भरला असता ते काढा. वारा शांत असेल अशा दिवशी जवळच्या हवामान केंद्राचा समुद्रसपाटीचा दाब आणि तुमचा आकडा एकाच वेळी टिपा. दोन्हींतला फरक पुढे प्रत्येक नोंदीत मिळवत जा. उंच ठिकाणी मात्र हा फरक कायम राहत नाही. ५०० मीटर उंचीवर तापमान १० अंशांनी बदललं की तो सुमारे २ हेक्टापास्कलनी हलतो.

दिवसाची भरती-ओहोटी वेगळी काढा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. वातावरणालाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. उष्ण कटिबंधात हा चढउतार २ ते ४ हेक्टापास्कलचा असतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब ३ ने उतरला म्हणून वादळ येणार असं समजू नका, ते रोजचंच आहे. तिथे आजच्या दहाची कालच्या दहाशीच तुलना करा. मध्य अक्षांशांत हा चढउतार लहान असतो, म्हणून तिथे तीन तासांतला बदल थेट वाचता येतो: दीड हेक्टापास्कलपर्यंत संथ, साडेतीनपर्यंत मध्यम, सहापर्यंत जलद, सहाच्या पुढे अतिजलद.

वहीत वेळ, दाब, वाऱ्याची दिशा, ढग आणि तापमान हे पाच रकाने पुरे. नोंदी दर तीन तासांनी घ्या, जमत नसेल तर ठरलेल्या दोन वेळा, पण न चुकता.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर दाब त्या काळच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टापास्कलनी कमी दिसला, तर चक्रीवादळाची शंका घ्यावी. ५ किंवा जास्त फरक असेल, तर ते जवळपास आहेच असं धरून चालावं. ‘टिप’ या प्रशांत महासागरातल्या वादळात १२ ऑक्टोबर १९७९ रोजी ८७० हेक्टापास्कल दाब मोजला गेला. समुद्रसपाटीवर मोजलेला हा सर्वांत कमी दाब.

नकाशावरून वारा

समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, बहुधा ४ हेक्टापास्कलच्या अंतराने काढतात. काहींत २ चं अंतर असतं, म्हणून आधी ते पाहा. रेषा जितक्या दाट, वारा तितका जोरात. ४५ अंश अक्षांशावर शेजारच्या दोन रेषांत ४ हेक्टापास्कलचा फरक आणि ३०० किलोमीटर अंतर असेल, तर जमिनीच्या घर्षणाचा परिणाम पोचत नाही तिथे, साधारण एक किलोमीटर उंचीवर, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा असतो. २० अंशांवर त्याच रेषांचा अर्थ ताशी ८० होतो, कारण तिथे परिवलनाचा परिणाम निम्म्याहून कमी असतो. पृष्ठभागावरचा वारा समुद्रावर याच्या दोन-तृतीयांश, जमिनीवर निम्मा धरा. विषुववृत्ताजवळ हा हिशोब लागू पडत नाही.

नकाशा हाती नसेल, तर १८५७ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी मांडलेला नियम वापरा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब डाव्या हाताला आणि थोडा पुढे असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. उंच इमारती, दऱ्या आणि खारे वारे दिशा फिरवतात, तेव्हा मोकळ्या जागेवरून आणि शक्यतो खालच्या ढगांच्या चालीवरून ठरवा.

दाब उतरतोय, पण पाऊस पडेल का?

कमी दाबाकडे आलेली हवा वर चढते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होते. बाष्प असेल तर ढग धरतात. बाष्पच नसेल तर नुसता वारा आणि धूळ; तापलेल्या वाळवंटांवरचा कमी दाब असाच कोरडा असतो. म्हणून आर्द्रता न पाहता पावसाचा अंदाज करू नका. जास्त दाबात हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. पण हिवाळ्याच्या लांब, शांत रात्री हीच स्थिती धुकं आणि धूर जमिनीलगत कोंडून ठेवते.

वादळ कोणत्या बाजूने जातंय

दाब उतरत असताना वाऱ्याची दिशा दर तासाला टिपा. ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकत असेल, तर तुम्ही वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला आहात, उलटी सरकत असेल तर डाव्या. उत्तर गोलार्धात उजवी बाजू जास्त धोक्याची, दक्षिण गोलार्धात डावी. दिशा बदलत नाही, वारा वाढतोय आणि दाब उतरतोच आहे, याचा अर्थ केंद्र थेट तुमच्याकडे येतंय. किनाऱ्यावर असाल तर दर १ हेक्टापास्कल घटीला समुद्राची पातळी सुमारे १ सेंटिमीटर चढते. वाऱ्याने लोटलेलं पाणी त्याहून कितीतरी जास्त असतं. वारा एकाएकी पडला आणि दाब तळाला असेल, तर बाहेर पडू नका. तुम्ही वादळाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, आहात, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोरदार वारा येईल.