या चुका टाळा: छतावरचं सोलर आणि घाईतली माणसं

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि गच्चीगच्चीवर पॅनेल दिसायला लागली. चांगलंच झालं. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान, हा हिशोब आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तक्रार आली म्हणून कुणाच्या गच्चीवर चढलो की पॅनेल सहसा ठणठणीत असतं. गडबड असते ती बसवणाऱ्याच्या नाहीतर बसवून घेणाऱ्याच्या घाईत.

नेट मीटर लागायच्या आधी सोलर चालू करणं

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं.

पॅनेल बसली, पॅनेलची डीसी वीज घरच्यासारखी एसी करणारा इन्व्हर्टर भिंतीवर लागला, बाहेर लख्ख ऊन. अर्ज मंजूर होऊन नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, लागायला अजून वेळ आहे. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढं ऊन फुकट चाललंय, चालू करून बघू की." आणि स्विच वर जातो.

कराडकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता. "अहो, सोलर लावल्यापासून बिल वाढलंय. तुमच्या लोकांनी वायर उलटी जोडलीय का बघा." काम माझं नव्हतं, पण ओळखीतून गेलो. पॅनेल उत्तम, वायरिंग नीटनेटकं. मीटर मात्र जुनाच.

"सर, चालू कुणी केलं?"

"जावई आले होते. ते इंजिनिअर आहेत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. भर दुपारी घरातला मेन स्विच पाडला, म्हणजे पंखा, फ्रीज, सगळं बंद. सोलर तेवढं चालू ठेवलं आणि सरांना मीटरसमोर उभं केलं. घरात एक दिवा जळत नव्हता तरी आकडा वर सरकत होता.

कारण सोपं आहे. जुन्या काळच्या चकतीच्या मीटरमध्ये वीज बाहेर गेली की चकती उलटी फिरायची. सध्याचे बरेचसे साधे इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा बघतच नाहीत. वीज आत आली काय, बाहेर गेली काय, त्यांच्या लेखी दोन्ही वापरच. म्हणजे सरांनी स्वतः तयार केलेली वीज गावाला दिली आणि वर तिचे पैसेही भरले. शिवाय मंजुरीआधी लाइनमध्ये वीज सोडणं नियमातही बसत नाही, हे वेगळंच.

माझी सवय सांगतो. नेट मीटर लागेपर्यंत एसी बाजूची, म्हणजे इन्व्हर्टरकडून मीटरकडे जाणारी वायर मी जोडतच नाही. टोकांना टेप लावून ती बॉक्सात बंद. नुसता एमसीबी खाली पाडून ठेवला तर घरातलं कुणीतरी तो वर करतंच. पाहुणा जितका शिकलेला, तितका लवकर. ग्राहक कुरकुरतात, "मग एवढ्या घाईने बसवलं कशाला?" घाई माझी नव्हती, एवढंच मी सांगतो.

सावली मे महिन्यात बघणं

चौकशा बहुतेक एप्रिल-मेमध्ये येतात, कारण तेव्हा बिल चटका देतं. गच्चीची पाहणीही तेव्हाच होते. आणि नेमकी तेव्हा सावली दिसत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या पायाशी गोळा झालेली असते. बसवणारा टेप टाकतो, "सहा पॅनेल आरामात बसतील" म्हणतो आणि निघून जातो.

डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारा-साडेबारालाही क्षितिजापासून साधारण ४८ अंशांच्या वर जात नाही. सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो साधारण २९ अंशांवर असतो. म्हणजे जिन्याच्या खोलीवर टाकी धरून गच्चीपासून ३ मीटर उंची असेल, तर सावली साडेपाच मीटरच्या आसपास पडते. मेमध्ये मोकळी दिसलेली जागा डिसेंबरात सकाळभर अंधारात.

आता कुणी म्हणेल, सहातल्या एका पॅनेलवर थोडी सावली आली तर बिघडलं काय? बिघडतं. सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, सगळ्यांतून करंट एकच वाहतो. झाकलेल्या भागाने तो अडवला तर त्याचा फटका माळेला बसतो. पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, साधारणपणे तीन. ते झाकलेला भाग वगळून करंट पुढे नेतात. पण वगळलेल्या भागाची वीज गेली ती गेलीच. सावली सरकत दोन-तीन पॅनेलवर पसरली की सकाळचे तास वाया. मग नोव्हेंबर उजाडला की फोन सुरू: "इन्व्हर्टर बदलून द्या." इन्व्हर्टर बिचारा जे मिळतं ते पोचवतो.

टाकी पॅनेलच्या उत्तरेला असेल तर मी फारशी काळजी करत नाही. दक्षिणेला, पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडतो. तेवढी जागा नसेल तर पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, उंच करायचं किंवा पॅनेल कमी करायची. मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, जरूर वापरा, पण उंची टेपनेच मोजा. आणि दक्षिणेला शेजाऱ्याचा रिकामा प्लॉट असेल तर तो कधी बांधणार आहे, हे चहाच्या निमित्ताने विचारून घ्या. नारळाचं झाड असेल तर तेही वाढणार आहे.

बाकीच्या, थोडक्यात

लाईट गेली की सोलर चालेल, ही समजूत. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं सोलर लाईट गेल्याबरोबर बंद पडतं आणि पडलंच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाईट नसताना वीज हवी असेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या, खर्च वाढेल.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल ते इन्व्हर्टरमध्ये, घरगुती एसी एमसीबी. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. सहा पॅनेलच्या माळेत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, ठिणगी तशीच जळत राहते आणि डबा वितळतो. वाचवलेले चार-पाचशे रुपये इथे जातात.

पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर पक्कडीने दाबणं. ते दाबून बसवायचं खास हत्यार, क्रिंपिंग टूल, ज्याच्याकडे नसेल त्याला गच्चीवर चढू देऊ नका.

स्ट्रक्चर वजनावर तोलून निवडणं. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी श्रीवर्धनला पाहिलंय, ते पातळ पत्र्याच्या स्ट्रक्चरबद्दल बोलणार नाहीत. किनाऱ्यावर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं स्ट्रक्चर आणि स्टेनलेसचे नटबोल्ट, याखाली मी उतरत नाही. स्लॅबला भोकं पाडलीत तर वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी.

बोअरच्या पाण्याने भर दुपारी पॅनेल धुणं. क्षारांचे पांढरे डाग बसतात, तापलेल्या काचेवर गार पाणी तर मारूच नये. सकाळी लवकर, साधं पाणी, मऊ फडकं. पॅनेलवर पाय देणाऱ्याला खाली उतरवा.

३ किलोवॅट म्हणजे सतत ३ किलोवॅट, असं धरणं. तो आकडा पॅनेलमधला वीज बनवणारा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. विदर्भातल्या मेमध्ये सेल साठीपार जातो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट होते. महाराष्ट्रात किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात त्याहून बरेच कमी.

बिल शून्य आलं नाही म्हणून भांडणं. स्थिर आकार भरावाच लागतो.

स्वस्तात पॅनेल मिळाली म्हणून घेणं आणि मग अनुदानासाठी धावणं. भारतात बनलेल्या सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेल नसतील तर अनुदान नाही.

गाडीचा हिशोब न करणं

ही चूक नवी आहे आणि वाढत चाललीय. दोन्ही टोकांना होते. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली म्हणून घाबरून दीड-दोन किलोवॅट वाढवणारे भेटतात. स्कूटर एका युनिटात ३०-३५ किलोमीटर जाते. रोज तीस किलोमीटर चालवली तरी महिन्याला ३० युनिट, पाव किलोवॅट पुरतं. कारचं तसं नाही. ती युनिटला सहा-आठ किलोमीटर देते. रोज चाळीस किलोमीटर असतील तर सहा युनिट, म्हणजे दीड किलोवॅट नुसतं तिच्यासाठी.

"गाडी रात्री चार्ज होते, सोलर दिवसा चालतं, मग जमणार कसं?" हा प्रश्न हमखास येतो. नेट मीटर असेल तर दिवसा दिलेले युनिट खात्यात जमा होतात, रात्री वळते होतात, मार्चअखेर हिशोब मिटतो. म्हणून मार्चला उरतील इतकी पॅनेल लावण्यात फायदा नाही. उरलेल्या युनिटला मिळणारा दर तुम्ही भरता त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

वर्ष-दोन वर्षांत कार घ्यायचं नक्की असेल, तर मी इन्व्हर्टर पहिल्या दिवशीच मोठा घ्यायला लावतो आणि पॅनेलची जागा मोकळी ठेवतो. पॅनेल नंतर वाढवता येतात, पण त्यासाठी महावितरणकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, गरज पडली तर मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. आणि तोवर नवी पॅनेल जोडायची नाहीत, जावई कितीही आग्रह करोत.