चाकं मोठी करताय? या चुका टाळा

“मोठी चाकं टाका, गाडी उठून दिसेल.” इंदुरात टायरच्या दुकानाबाहेर हे रोज ऐकू येतं. किती मोठी, हे मात्र कुणी मोजत नाही, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

रिम वाढवली की टायरची भिंत, म्हणजे रिमभोवतीच्या रबराची उंची, तेवढी उतरायला हवी, तरच चाकाचा एकूण व्यास तोच राहतो. २०१८ ते २०२४ मधली स्विफ्ट घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो: रुंदी १६५ मिमी, भिंत तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास ६२० मिमी. वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ मोजा, ६२१.५ येतो. सोळा इंचीच हवी असेल तर १९५/५५ आर १६ म्हणजे ६२१. इतकं सरळ गणित आहे. तरी दुकानात पडून होता, स्वस्तात मिळाला म्हणून २०५/६० आर १६ चढवतात. त्याचा व्यास ६५२, पाच टक्के जास्त.

इंदूरच्या रुंद सुपर कॉरिडॉर रस्त्यावर ही गाडी छान पळते, म्हणून मालक खूश. मग ओंकारेश्वरहून परतताना पाच माणसं आणि सामान घेऊन भेरूघाट चढायची वेळ येते. इंजिन तेच, गिअर तेच. चाक मोठं झाल्यामुळे रस्त्यावरची ओढ पाच टक्के घटलेली, शिवाय चाकाचं वजन वाढलेलं. वळणावर गाडी दम टाकते, चालक अर्धा क्लच दाबून धरतो आणि क्लचप्लेट जळल्याचा वास येतो. घाट उतरताना त्याच वेगाला ब्रेकही जास्त दाबावा लागतो. खड्ड्यात मागचा टायर चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तराला घासतो. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा पाच टक्के जोरात धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्याहून कमी दिसतं आणि लोक पेट्रोलपंपाला दोष देतात. उपाय एकच: टायर बदला. मूळ व्यासापासून फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा. तीन टक्के ही शेवटची हद्द.

दुसरी चूक सहज सापडत नाही. नवीन अलॉय (मिश्रधातूच्या रिम) बसवले की ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग बॅलन्सिंग, पुन्हा बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि शेवटी नव्या टायरवर संशय. आधी चाक काढून मधलं भोक बघा. स्विफ्टच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचं माप ५४.१ मिमी, बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं, म्हणजे ६७.१ किंवा ७३.१. चाक हबवर न बसता नुसत्या चार नटांवर लोंबकळतं आणि किंचित एका बाजूला सरकून आवळलं जातं. मधली फट भरणारी हब रिंग घाला: आतून हबच्या मापाची, बाहेरून अलॉयच्या भोकाच्या मापाची. नट हाताने लावून समोरासमोरचे क्रमाने आवळा, शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), आणि साधारण ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासणी. हवेवर चालणाऱ्या न्यूमॅटिक गनने एकदम आवळून घेण्याची घाई करणाऱ्यांचे बोल्टच पुढे तुटतात. नटाचं बूड निमुळतं की गोल, हेही रिमशी जुळवून घ्या.

भिंत १३२ वरून १०७ मिमीवर आली की खड्ड्याचा मार सरळ रिमवर बसतो. भिंतीला फुगा दिसला तर तो टायर टाकून द्या, पंक्चरवाल्याचं ऐकू नका.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो.

एका ॲक्सलवर दोन वेगळी मापं नकोत, एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गोंधळतं.

दोनच नवीन टायर घेतले तर ते मागे लावा.

स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली असेल तर ती लावल्यावर हळू जा आणि पंक्चर निघताच उतरवा.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. इंदुरात मे महिन्यात भरलेली डिसेंबरच्या पहाटे नक्की कमी दिसेल.