पाण्यात डोकं दाबलं असेल तर: आधी श्वास, मग कागद

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी हौद आणि पिंपं भरलेली असतात. कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून मी बुडालेली माणसं हिप्परग्याच्या तलावातून आलेली बघते, तशी मोरीतल्या पिंपातूनही. लहान लेकरू पिंपात पडू शकतं. पण धडधाकट बाई कमरेएवढ्या पिंपात तोंडावर पडली असं कुणी सांगितलं, की मी आधी तिला फिट येते का ते विचारते आणि लगेच तिची मान बघते.

बाहेर काढल्याबरोबर श्वास बघा. श्वास नसेल तर कडक जमिनीवर उताणं झोपवा, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोरात तीस दाब, पुन्हा दोन श्वास. बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा लागते, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. पोट दाबून पाणी काढू नका, उलटं टांगून गरगर फिरवू नका. त्याने पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि वेळही जातो. श्वास आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा.

शुद्धीवर आली, बोलायला लागली, तरी दवाखान्यात न्यायचंच. खोकला आणि दम काही तासांनी वाढू शकतो. पहिला एक्स-रे साफ निघाला तरी सहा ते आठ तास ऑक्सिजनचं प्रमाण आणि श्वासाची गती बघत ठेवायला सांगा. गळाही आवळला होता का, हे विचारा. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय असं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, मानेच्या आतली इजा बाहेरून दिसत नाही. गरोदर असेल तर बाळाचे ठोके तपासून घ्या.

आता कागद. ‘आधी पोलिसांत जा, मग बघू’ असं कोणताही दवाखाना म्हणू शकत नाही, सरकारीही नाही आणि खासगीही नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय, उपचार आधी. त्याच वेळी ‘एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत जाणारी वैद्यकीय नोंद) करा’ असं स्पष्ट म्हणा, पोलिसांना कळवणं दवाखान्याचं काम आहे.

हकीकत पेशंटच्या तोंडून आणि एकटीला घेऊन ऐकायला हवी. आमच्याकडे पूर्वभागातल्या कितीतरी बायका तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये, आणि सोबत आलेला नवरा किंवा दीर मराठीत सांगतो, ‘पाय घसरला.’ त्याला दुभाषा होऊ देऊ नका. ती भाषा येणारी दुसरी सिस्टर किंवा मावशी बोलवा. कुणी दाबलं, मान धरून की केस धरून, किती वेळा, पाणी कुठलं, शुद्ध गेली का, कपड्यांत लघवी झाली का, हे तिच्याच शब्दांत केसपेपरवर यायला हवं. नातेवाइकाने सांगितलेलं वेगळं लिहायचं आणि ते कुणी सांगितलं तेही लिहायचं.

अंग तपासताना मानेची मागची बाजू, कानांमागे, खांदे आणि दंड बघायला सांगा, बोटांचे ठसे तिथे उमटतात. केस उपटलेली जागा, ओठाची आतली बाजू, डोळ्यांतले लाल ठिपके, आणि हौदाच्या कडेला घासलेली हनुवटी, छाती, गुडघे. प्रत्येक खुणेची जागा, रंग, सेंटिमीटरमध्ये माप लिहायचं आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा. काळंनिळं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसतं, म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्या. जखम दिसली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं होत नाही. डोकं पाण्यात दाबलं तर अंगावर खूणच राहत नाही असंही होतं, आणि तेव्हा तिची हकीकत हाच मोठा आधार असतो.

ओले कपडे धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कुजतात. लैंगिक अत्याचारही झाला असेल तर ‘पाण्यात सगळं धुऊन गेलं असेल’ म्हणून तपासणी टाळू नका, ९६ तासांपर्यंत नमुने घेतात. त्यासाठी तिची संमती लागते. हा उपचार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे खासगी दवाखान्यातही मोफत आहे.

जिवे मारण्याच्या हेतूने बुडवलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लागू शकतं. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. डिस्चार्ज कार्डावर एमएलसी नंबर आहे का ते बघा. सगळ्या कागदांचे फोटो माहेरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, घरातले कागद गायब होतात.

आणि घरी सोडायच्या आधी तिला एकटीला विचारा, आज रात्री तिथे जायला भीती वाटते का. हो म्हणाली तर वॉर्डातूनच १८१ ही महिला हेल्पलाइन लावा, पेशंट लेकरू असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.