जुना डॅट, एडॅट पुन्हा कामाला लावताय? या चुका टाळा

टेप खातो म्हणून एडॅट (कॅसेटवर ८ ट्रॅक घेणारा जुना डिजिटल रेकॉर्डर) भंगारात काढणं ही पहिली चूक. बिघडते ती टेप ओढणारी यंत्रणा. आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर करणारा भाग बहुतेकदा ठणठणीत असतो. १६ बिटांचा मूळ एडॅटसुद्धा ऑडिओ इंटरफेसला (संगणकात आवाज घेणाऱ्या पेटीला) ८ जादा इनपुट देऊ शकतो. टेप न घालता ‘ऑल इनपुट’ दाबा आणि त्याचं ऑप्टिकल आउट इंटरफेसच्या ऑप्टिकल इनला जोडा.

आवाजच नाही? केबल बदलण्याआधी इंटरफेसची सेटिंग बघा. एस/पीडीआयएफ (२ चॅनेल) आणि एडॅट (८ चॅनेल) या डिजिटल सिग्नलच्या दोन पद्धतींचं ऑप्टिकल सॉकेट एकच, पण सिग्नल वेगळा. तिथे ‘एडॅट’ निवडावं लागतं.

आवाज येतो, पण अधूनमधून टकटक होते, ही तक्रार सर्वाधिक. लोक संगणकातला बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) वाढवत बसतात आणि फरक शून्य, कारण दोष क्लॉकचा, म्हणजे सॅम्पलची (आवाजाच्या सुट्या मोजमापांची) वेळ ठरवणाऱ्या ठोक्याचा असतो. दोन्ही यंत्रं आपापल्या क्लॉकवर चालली की सॅम्पल निसटतात. एडॅटला मास्टर ठेवा, इंटरफेसचं क्लॉक ‘इंटर्नल’वरून ऑप्टिकलवर न्या. मूळ एडॅट ४८ किलोहर्ट्झवर चालतो; ४४.१ हवं तर पिच −१४७ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आणा. संगणकातल्या प्रोजेक्टचा सॅम्पल रेटही तोच हवा.

आवाज फाटत असेल तर लेव्हल तपासा. मूळ एडॅटचे पाव इंची जॅक −१० डीबीव्हीचे, म्हणजे कमी पातळीच्या सिग्नलसाठीचे आहेत. त्यांना +४ डीबीयूचा, म्हणजे जास्त पातळीचा मिक्सर थेट जोडला की क्लिपिंग (आवाज वरून कापला जाणं) ठरलेलं. मिक्सरचं आउटपुट सुमारे १२ डेसिबल उतरवा. मात्र १६ बिटांत फार कमी लेव्हलवर रेकॉर्ड केलं तर तळाचा खरखराट वर येतो, म्हणून पीक (आवाजाची सर्वोच्च पातळी) मीटरवर −६ ते −१२ डेसिबलच्या दरम्यान ठेवा.

डॅटवरचं (छोट्या डिजिटल ऑडिओ कॅसेटवरचं) जुनं रेकॉर्डिंग संगणकात घेताना ॲनालॉग आउट कशाला? डिजिटल आउटच वापरा. आधी कॅसेटची टॅब सरकवून रेकॉर्डिंग बंद करा, मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे ताण सारखा होतो. ‘ड्यू’ (आत दमट झाल्याची सूचना) दिसलं तर यंत्र चालू ठेवून ते विझेपर्यंत थांबा. ओलसर ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या भागाला) टेप चिकटते. हेडवर कापसाचा बोळा फिरवू नका, धागे अडकतात. ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ४४.१ समजून वाजवलं तर गाणं सुमारे ८ टक्के संथ होतं आणि पट्टीही उतरते.

एचडी२४ (टेपऐवजी हार्डडिस्कवर रेकॉर्ड करणारा एडॅट) ची हार्डडिस्क विंडोजला जोडलीत तर ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं जाईल. ‘नाही’ म्हणा. डिस्क ठीक आहे. तिची फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही, इतकंच.