अहवाल मार्चचा, ओल जुलैची: घर तपासणाऱ्याशी वाद कसा घालावा

फ्लॅटचा ताबा घेण्याआधी पैसे देऊन घर तपासून घ्यायची पद्धत आता नाशिकमध्येही दिसते. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, बरीच वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काम केलेली, आणि सध्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीची सचिव. त्यामुळे हे तपासणीचे अहवाल घेऊन ओळखीतले लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा चिडूनच येतात. "ताई, एवढे पैसे मोजून घेतले आणि हे दिसलं नाही का त्याला?" चिडणं समजू शकतं. पण पहिल्या दोन दिवसांत रागाच्या भरात माणूस जे करून बसतो, त्यानेच त्याची बाजू लंगडी पडते. म्हणून आधी काय, मग काय, ते सांगते.

काहीही फोडू नका. गवंड्याला बोलावून टाइल उखडली, प्लास्टर खरवडलं, वॉटरप्रूफिंगचा डबा आणून फासला, की पुरावा गेला. मग तपासणाऱ्याने "मी आलो तेव्हा असं नव्हतंच" म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. प्रत्येक दोषाचे दोन फोटो घ्या: एक लांबून, कुठली खोली आणि कुठली भिंत ते कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. ओल असेल तर तिची कड आखून घ्या. गळती वाहती असेल आणि खालच्या घरात पाणी जात असेल, तर मात्र थांबायचं नाही. व्हिडिओ घ्या, तपासणाऱ्याला लगेच मेसेज टाका, तात्पुरती डागडुजी करा आणि प्लंबरचं बिल जपून ठेवा.

त्यानंतर अहवाल आणि त्याआधी आलेलं कोटेशन, दोन्ही समोर ठेवा. अहवाल लोकांनी निदान चाळलेला असतो, कोटेशन मात्र पैसे किती ते पाहून बाजूला ठेवलेलं असतं. सगळा वाद त्याच कागदावर उभा राहतो, कारण काय तपासणार आणि काय नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. साधी घर-तपासणी म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हात पोहोचणाऱ्या भागांची पाहणी. भिंतीतले पाइप, टाइलखालचं वॉटरप्रूफिंग, स्लॅबमधली सळई यात येत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, हे वेगळंच काम आहे. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक यांसारख्या चाचण्या लागतात आणि सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची असते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींसाठी महापालिका जे स्थैर्याचं प्रमाणपत्र मागते, तेही त्याचंच. पंचवटीतलं जुनं घर घेताना साधी तपासणी करून "इमारत भक्कम आहे" असं कुणी समजून चाललं असेल, तर तो दोष तपासणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. अर्थात, त्याने स्वतःच तसं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमची तक्रार कुठे बसते ते पाहा. त्या दिवशी दोष दिसण्यासारखा नव्हता का? दिसण्यासारखा होता, पण तो भाग तपासायचं ठरलंच नव्हतं का? की ठरलं होतं, दिसतही होतं, आणि तरी सुटलं? भांडायला अर्थ आहे तो या तिसऱ्या प्रकारात. हा निवाडा स्वतःशी प्रामाणिकपणे केला नाही, तर पुढचं सगळं वाया जातं.

सगळ्यात जास्त वाद ओलीवरून होतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटची तपासणी मार्चमध्ये झाली. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मॉइश्चर मीटर लावला, अहवालात "ओल आढळली नाही" असं आलं. जुलैत त्याच भिंतीला खिडकीखाली पोपडे सुटले. मालक म्हणाले, खोटा अहवाल दिला. तपासणारा म्हणाला, मीटरचा फोटो आहे, पाहा. माझ्या मते दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. मॉइश्चर मीटर त्या घटकेची ओल दाखवतो, पावसाळ्यात काय होणार ते सांगत नाही. नैऋत्येचा पाऊस आपल्याकडे दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर झोडपतो, आणि मार्चमध्ये तीच भिंत खडखडीत कोरडी असते. तेव्हा आकडा खरा होता.

पण अहवालातला खिडकीचा फोटो मोठा करून पाहिला, तर खिडकीच्या चौकटीखाली बाहेरच्या बाजूला कडाप्पा आणि प्लास्टर यांच्यामधला सांधा उघडा दिसत होता. पाणी शिरायची वाट तीच. म्हणजे दोष त्याच्याच फोटोत होता, लिहिलेला मात्र नव्हता. तिथे मालकाची बाजू भक्कम झाली. म्हणून सांगते, तपासणाऱ्याकडून मूळ फोटो मागून घ्या. अहवालाच्या पीडीएफमध्ये फोटो दाबून लहान केलेले असतात, बारीक भेग त्यात पुसली जाते. थर्मल कॅमेऱ्याचे फोटो असतील तर त्यांची वेळही विचारा. तो कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, पाणी नाही. दुपारच्या उन्हाने तापलेल्या भिंतीवर एकट्या त्याच्या रंगांवरून निष्कर्ष काढलेला असेल आणि मीटरने खात्री केलेली नसेल, तर तसं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तपासणारा उलट विचारेल, त्याचीही तयारी ठेवा. ताब्यानंतर सेफ्टी ग्रिल बसवलं का? एसीच्या पाइपसाठी भोक पाडलं का? ग्रिलच्या स्क्रूसाठी चौकटीला पाडलेल्या भोकांतून पाणी आत येतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. तसं काही केलं असेल तर आपणहून सांगा. लपवलेलं नंतर बाहेर आलं, की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पोकळ टाइल्सचं, म्हणजे खाली मसाला नीट न भरल्याने पोकळी राहिलेल्या टाइल्सचं, प्रकरण तुलनेने सरळ असतं. टाइल पोकळ आहे की नाही हे वाजवून कळतं, त्याला पावसाळा लागत नाही. कोटेशनमधल्या तपासणीच्या यादीत टाइल्स होत्या आणि पोकळ टाइल्सची नोंद नसेल, तर तपासणाऱ्याला फारसं बोलायला जागा नाही. पाण्याची जोडणी झालेली नसताना नळ, फ्लश, बाथरूमचा उतार "ठीक" लिहिलेला असेल, तर तेही तसंच. "पाणी नसल्याने तपासता आलं नाही" अशी नोंद असायला हवी होती.

तक्रार फोनवर करू नका, लिहून करा. ईमेल उत्तम, व्हॉट्सअ‍ॅपही चालेल. मी साधारण असा मजकूर देते:

"नमस्कार. १४ मार्चला आपण आमच्या फ्लॅटची तपासणी केलीत. अहवालाच्या पान ११ वर हॉलच्या टाइल्स 'समाधानकारक' अशी नोंद आहे. ताब्यानंतर वाजवून पाहिल्यावर खिडकीकडच्या ओळीतल्या सहा टाइल्स पोकळ आढळल्या. फोटो आणि व्हिडिओ जोडले आहेत. आपल्या कोटेशनमध्ये टाइल्स वाजवून पाहणे समाविष्ट आहे. आम्ही अजून काहीही दुरुस्त केलेले नाही. कृपया सात दिवसांत येऊन पाहावे आणि आपले म्हणणे लेखी कळवावे."

यात "फसवणूक" हा शब्द नाही, पैशांची मागणीही नाही. मुद्दाम ठेवलेली नाही. आधी माणूस घरी येऊन पाहून जाऊ द्या. तो आला नाही किंवा त्याने उत्तरच दिलं नाही, तर तो कागद पुढे तुमच्याच कामी येतो. आला तर त्याच्याशी हुज्जत न घालता अहवालाचं पान आणि भिंत, दोन्ही एकदमच दाखवा. जाताना "आज काय पाहिलं" एवढं मेसेजवर लिहून घ्या.

मागायचं काय, यात लोक घाई करतात. सगळे आधी फी परत मागतात. माझं ठाम मत आहे की नव्या फ्लॅटच्या बाबतीत फीपेक्षा दुरुस्त केलेला अहवाल जास्त मोलाचा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. टाइल्सचा, गळतीचा मोठा खर्च तिथून निघतो. तेव्हा बिल्डरला लेखी पत्र लगेच द्या, तपासणाऱ्याशी चाललेला वाद मिटायची वाट पाहत बसू नका. आणि सुटलेले दोष फोटोंसकट नोंदवलेला, आजच्या तारखेचा पुरवणी अहवाल विनामूल्य मागा. प्रामाणिक तपासणारा याला सहसा नाही म्हणत नाही.

तो नाहीच बधला, तर दुसऱ्या इंजिनिअरचं मत घ्या. त्याला पहिल्याची निंदा लिहायला लावू नका. एवढंच विचारा: हा दोष मार्चमध्ये असणार का, आणि असला तर न फोडता दिसला असता का? डागांचे एकावर एक थर, साचलेले पांढरे क्षार, सळईचा जुना गंज यांवरून जाणकाराला दोषाचं वय सांगता येतं.

घर-तपासणी करायला आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही, म्हणून तक्रारीसाठी तशी परिषद किंवा मंडळही नाही. रस्ता आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे तपासणाऱ्या कंपनीचं ऑफिस पुण्याला असलं तरी नाशिकमध्येच तक्रार करता येते. आयोग कुठला, हे तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे तपासणीच्या फीसाठी हाच. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. पैसे दिल्याची पावती हवीच, कारण फुकट दिलेली सेवा या कायद्यात बसत नाही. एजंटने "तपासणी आमच्याकडून फ्री" म्हणून करून दिली असेल, तर ही वाट जवळजवळ बंद होते.

"आमची जबाबदारी फीपुरती मर्यादित" अशी ओळ बऱ्याच कोटेशनांत शेवटी असते. ती वाचून तक्रार सोडून देऊ नका. तशी अट असली म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही. पण भिंतीच्या दुरुस्तीचा सगळा खर्च तपासणाऱ्याकडून निघेल, ही आशाही धरू नका. भिंत त्याने बांधलेली नाही. त्याच्याकडून फी, पुरवणी अहवाल आणि फार तर त्याच्या नोंदीवर विसंबल्यामुळे झालेला थेट खर्च, जो तुम्हाला बिलांनी दाखवता येईल, एवढंच मागा.

तडजोड झाली तर तिचा कागद सहीआधी नीट वाचा. "या घराविषयी कोणाकडेही कोणतीही तक्रार उरलेली नाही" असं वाक्य त्यात असेल तर ते काढायला लावा, आणि त्याऐवजी "अमुक तारखेच्या तपासणी-सेवेपुरती तक्रार मिटली" एवढंच लिहून घ्या. पहिलं वाक्य तसंच ठेवून सही केलीत, तर उद्या बिल्डर तोच कागद तुमच्यासमोर धरेल.