सिंधू जल करारावर शोधनिबंध लिहिताना: आधी परिशिष्टं, मग बातम्या

एप्रिल २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानबरोबरचा नद्यांच्या वाटणीचा सिंधू जल करार स्थगित ठेवला, आणि त्यानंतर या करारावर निबंधांची रीघ लागली आहे. बहुतेकांचा साचा ठरलेला: फाळणी, युद्धं, पहलगाम, 'पुढील दिशा'. करार कुणी उघडलेलाच नसतो. भारत-पाकिस्तान संबंधांवर एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चं प्रकरण लिहायचं असेल, तर पुढच्या क्रमानं जावं.

आधी प्रश्न आवळा. 'पाणीवाटप आणि प्रादेशिक सुरक्षा' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ठराविक कागद वाचून ज्याचं उत्तर देता येईल तो प्रश्न. उदाहरणार्थ, भारताच्या बगलिहार वीजप्रकल्पात तटस्थ तज्ज्ञानं (करारातल्या तांत्रिक मतभेदांवर निर्णय देणारा अभियंता) २००७ मध्ये जे मान्य केलं, म्हणजे गाळ काढण्यासाठी खालच्या दारांचा वापर, ते किशनगंगा वीजप्रकल्पात लवाद न्यायालयानं (करारातल्या तंट्यांसाठी नेमलं जाणारं) २०१३ मध्ये का नाकारलं? दोन निकाल आणि करारातला एक परिच्छेद. सहा महिन्यांत हातावेगळं होणारं काम आहे.

करार कसा वाचायचा

करारावर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सह्या झाल्या. मूळ मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या करारमालेत खंड ४१९, क्रमांक ६०३२ इथे आहे. संदर्भ तिथलाच द्या, एखाद्या संकेतस्थळावरच्या सारांशाचा नको. १२ कलमं आणि ए ते एच अशी आठ परिशिष्टं. सलग वाचायला बसलात तर दुसऱ्या दिवशी कंटाळाल. आधी कलम १ मधल्या व्याख्या, मग कलम ३ (पश्चिमेकडच्या नद्या: सिंधू, झेलम, चिनाब), लगेच परिशिष्ट डी (जलविद्युत) आणि ई (साठवण). त्यानंतर कलम ९ आणि त्याला जोडलेली एफ व जी ही तंट्यांची परिशिष्टं. एच हे संक्रमणकाळाचं. साठच्या दशकावर लिहीत नसाल तर चाळलं तरी पुरे.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो परिशिष्ट डीच्या आठव्या परिच्छेदाला. वाहत्या पाण्यावरच्या वीजप्रकल्पाचं धरण कसं असावं, एवढंच त्यात सांगितलं आहे. रोजच्या चढउतारासाठी लागणारा कार्यकारी साठा, म्हणजे पाँडेज, हमखास विजेसाठी लागणाऱ्या साठ्याच्या दुपटीहून जास्त नको. मृत साठ्याच्या, म्हणजे वीजनिर्मितीसाठी न वापरल्या जाणाऱ्या तळच्या साठ्याच्या, पातळीखाली निर्गम दारं (पाणी बाहेर सोडणारी) नकोत. गाळासाठी किंवा अन्य तांत्रिक कारणानं ती अटळ असतील तर लहानात लहान आणि शक्य तितकी उंचावर. सांडव्याला दरवाजे लागणारच असतील तर त्यांची तळपातळी, आणि टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या तोंडाचीही पातळी, शक्य तितकी उंच.

दोन्ही देशांची भीती याच परिच्छेदात आहे. दारं खाली असली की भारत हवं तेव्हा पाणी अडवील किंवा सोडील, ही पाकिस्तानची भीती. दारं खाली नसली की हिमालयातला गाळ धरण भरून टाकील, ही भारताची. ती काल्पनिक नाही: १९७८ च्या करारानुसार सलाल धरणाची खालची दारं कायमची बंद केली गेली आणि जलाशय गाळानं भरला.

आता हा परिच्छेद दोन्ही निकालांना लावून बघा. बगलिहारच्या पाँडेजसाठी भारताचा आकडा ३७.५ दशलक्ष घनमीटर होता, पाकिस्तानचा ६.२२. तटस्थ तज्ज्ञ रेमाँ लाफित यांनी १२ फेब्रुवारी २००७ रोजी ३२.५६ मान्य केला, धरणाचा माथा दीड मीटरनं उतरवायला सांगितला, दरवाजे मात्र राहू दिले आणि गाळ काढण्यासाठी खालच्या दारांचा वापरही ग्राह्य धरला. दोन्ही राजधान्यांनी आपणच जिंकल्याचं सांगितलं. पुढे किशनगंगा प्रकरणात १८ फेब्रुवारी २०१३ च्या अंशतः निवाड्यात लवाद न्यायालय म्हणालं की अनपेक्षित आणीबाणी सोडता मृत साठ्याखाली पातळी उतरवता येणार नाही. हे दोन उतारे समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणं, हाच प्रबंधाचा गाभा.

एककं

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. करारात एकर-फूट आणि क्युसेक, निवाड्यांत घनमीटर आणि क्युमेक (सेकंदाला घनमीटर), आपल्या डोक्यात टीएमसी (अब्ज घनफूट). १ दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी, १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. किशनगंगाखाली किमान ९ क्युमेक पाणी सोडावं, असं २० डिसेंबर २०१३ च्या अंतिम निवाड्यात आहे. ते '९ क्युसेक' लिहिलंत तर चूक पस्तीसपट.

परिशिष्ट ई प्रमाणे पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताला एकूण ३.६० दशलक्ष एकर-फूट साठवण करता येते: सर्वसाधारण १.२५, वीज १.६०, पूरनियंत्रण ०.७५. म्हणजे सुमारे १५७ टीएमसी, कोयनेच्या साधारण दीडपट. 'पाणी तोडलं' असा मथळा दिसला की हा आकडा आठवावा. आणि 'करारानं पाकिस्तानला ८० टक्के पाणी दिलं' हे वाक्य करारात कुठेही नाही. तिथे वाटणी नद्यांची आहे, टक्क्यांची नाही. टक्के लिहायचे तर ते प्रवाहाच्या कुठल्या सरासरीवरून काढले, ते सांगा.

तक्ता

कालानुक्रम वहीत नको, स्प्रेडशीटमध्ये करा. रकाने पाच: घटनेची तारीख, कोणी केली, कुठल्या कलमाखाली, मूळ कागद, दुसऱ्या बाजूचं उत्तर. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद बातमीवर उभी आहे. ती वेगळ्या रंगात ठेवा.

तारखांत सापळे आहेत. सह्या सप्टेंबर १९६० च्या, मंजुरीपत्रांची अदलाबदल १२ जानेवारी १९६१ ची, पण करार लागू १ एप्रिल १९६० पासून. भारताची २५ जानेवारी २०२३ ची नोटीस कलम १२(३) खाली बदलासाठी होती, ऑगस्ट २०२४ ची फेरविचार आणि बदलासाठी, आणि २३ एप्रिल २०२५ चा निर्णय करार स्थगित ठेवण्याचा. तिन्ही एकाच 'रद्द' शब्दात कोंबले की पुढचं विवेचन कोसळतं, कारण करार संपवण्यासाठी कलम १२(४) नवा मंजूर करार मागतं. लवाद न्यायालयानं जून आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले निर्णय नोंदवताना भारत ते न्यायालयच मानत नाही, हे पाचव्या रकान्यात यायलाच हवं.

शोधताना दोन्हीकडची नावं टाका. किशनगंगा पलीकडे नीलम होते. आपला तुलबुल प्रकल्प तिथे वुलर बॅरेज आहे. एकच नाव टाकलंत तर एकाच देशाची बाजू हाती लागते, आणि हे लक्षातही येत नाही.

कागद कुठे मिळतात

निवाडे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. लोकसभेतली ३० नोव्हेंबर १९६० ची चर्चा जरूर वाचा. नेहरूंवर तेव्हा झालेली टीका आजच्या भाषणांत जशीच्या तशी ऐकू येते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायली त्याच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधता येतात. दिल्लीला जाण्याआधी फाइल क्रमांकांची यादी तयार ठेवा, नाहीतर पहिले दिवस सूची चाळण्यात जातात.

माहिती अधिकारावर फार विसंबू नका. अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. पण परराष्ट्र संबंधांची माहिती कलम ८(१)(ए) खाली नाकारता येते, आणि वीस वर्षांपूर्वीची माहिती खुली करणारी तरतूद या उपकलमाला लागू नाही. सिंधू खोऱ्यातले प्रवाहाचे आकडेही सरकार गोपनीय मानतं. उपग्रह प्रतिमांवरून जलाशयाचा पसारा मोजता येतो, घनफळ नाही. हा फरक पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा.

शेवटी नकाशा. परदेशी संस्थेच्या अहवालातला नकाशा तसाच चिकटवू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. सर्वेक्षण विभागाचा नकाशा पाया म्हणून घ्या, त्यावर नद्या आणि प्रकल्प स्वतः काढा. नियंत्रण रेषेचा वाद नकाशात नव्हे, मजकुरात मांडा.